प्रकाशीय तबकड्यांचे आयुर्मान आणि जतन : महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संदर्भात

प्रास्ताविक

महाविद्यालयीन ग्रंथालयात वार्षिक ग्रंथपडताळणी होते तेव्हा शोधप्रबंधाच्या मागील पुठ्ठ्याला चिकटवलेल्या पाकिटात सीडी आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. ती असली की यादीत बरोबरची खूण होते आणि पडताळणी करणारा पुढच्या ग्रंथाकडे वळतो. ग्रंथाच्या बाबतीत ही रीत पुरेशी आहे. कारण ग्रंथ जागेवर असणे आणि त्यातील मजकूर वाचता येणे या दोन गोष्टी सहसा एकच असतात. कागद पिवळा पडला, कसरीने पाने पोखरली, तरी ते डोळ्यांना दिसते आणि उरलेला मजकूर वाचता येतो. सीडीच्या बाबतीत मात्र या दोन गोष्टी एक नाहीत. तबकडी जागेवर असते, चकाकत असते आणि तरीही तिच्यातील माहिती केव्हाच नाहीशी झालेली असू शकते.

साधारणतः २००० ते २०१५ या काळात आपल्या महाविद्यालयांत व विद्यापीठ विभागांत जे साहित्य सीडी-डीव्हीडीवर साठवले गेले त्याचे स्वरूप पाहिले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. पीएच.डी. प्रबंधाच्या संहितेबद्दल फारशी चिंता करण्याचे कारण नाही. तिची छापील प्रत असते. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पदवी घोषित झाल्यापासून तीस दिवसांच्या आत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटसाठी सादर करणे विद्यापीठांना आवश्यक केले. खरी चिंता आहे ती छापील प्रत नसलेल्या साहित्याची. लोकसाहित्याच्या अभ्यासकाने गावोगाव हिंडून ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या, बोलीच्या अभ्यासासाठी घेतलेल्या मुलाखती, भूगोल व वनस्पतिशास्त्राच्या क्षेत्रभेटींतील छायाचित्रे, लघुसंशोधन प्रकल्पांच्या सर्वेक्षणातील मूळ सारण्या, महाविद्यालयात येऊन गेलेल्या वक्त्यांच्या व्याख्यानांचे चित्रीकरण, हे सारे कित्येक ठिकाणी एकाच तबकडीवर आहे. ज्यांचा आवाज त्यात आहे त्यांपैकी अनेकजण आता हयात नाहीत. हे काम पुन्हा करता येणारे नाही.

प्रस्तुत लेखात सीडी व डीव्हीडी यांची घडण, त्या बिघडण्याची कारणे, त्यांच्या आयुर्मानाविषयीच्या आकड्यांचा अर्थ आणि महाविद्यालयाच्या आवाक्यातील उपाय यांचा विचार केला आहे. जतन म्हणजे तबकडी स्वच्छ ठेवून कपाटात बंद करणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या तंत्राच्या स्वरूपामुळेच ती समजूत अपुरी ठरते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

तबकडीची घडण

फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी मिळून विकसित केलेली सीडी ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या बाजारात आली. तिचा व्यास १२० मिलिमीटर व जाडी १.२ मिलिमीटर. ही जवळजवळ सारी जाडी पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकची असते. त्याच्या वरच्या अंगाला सूक्ष्म खाचांची सर्पिल रेघ असते. त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा अत्यंत पातळ परावर्तक थर, त्यावर काही मायक्रॉन जाडीचे लॅकर आणि त्यावर नाव-चित्राची छपाई. सर्पिलाच्या दोन फेऱ्यांमधील अंतर १.६ मायक्रॉन असते. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा चाळीस-पन्नास फेऱ्या सहज मावतात, आणि संपूर्ण रेघ उलगडली तर ती पाच किलोमीटरहून लांब भरते. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर किरण खालून, प्लॅस्टिकमधून, त्या रेघेवर पडतो व परावर्तनातील फरकावरून माहिती वाचली जाते.

या रचनेतून एक गोष्ट निघते, ती आपल्या रोजच्या समजुतीच्या नेमकी उलट आहे. आपण सीडीची खालची, चकचकीत बाजू जपतो आणि वरच्या बाजूवर निर्धास्तपणे बॉलपेनने नाव लिहितो. वास्तविक खालच्या बाजूला माहिती आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये एक मिलिमीटरहून अधिक जाडीचे प्लॅस्टिक आहे. तेथे किरण पृष्ठभागात शिरताना जवळजवळ पाऊण मिलिमीटर रुंद असतो आणि पुढे एकवटत जाऊन माहितीच्या थरावर दीड-दोन मायक्रॉनचा होतो. म्हणून पृष्ठभागावरील धुळीचा कण किंवा बारीक ओरखडा त्याच्या दृष्टीने अंधुक सावलीपलीकडे काही नसतो. वरच्या बाजूला मात्र संरक्षण आहे ते काही मायक्रॉन लॅकरचे. बॉलपेनच्या टोकाचा दाब, टोकदार वस्तूचा ओरखडा किंवा चिकटपट्टी उपटताना बसलेला ताण थेट परावर्तक थरावर उतरतो. आणि जेथे परावर्तक थर गेला तेथे वाचण्यासारखे काही उरत नाही. खालचा ओरखडा घासून-पुसून पुष्कळदा सुधारता येतो, वरचा येत नाही.

ग्रंथालयातील बहुसंख्य तबकड्या कारखान्यात छापलेल्या नसून संगणकावर लिहिलेल्या, म्हणजे सीडी-आर व डीव्हीडी-आर प्रकारच्या असतात. त्यांत खऱ्याखुऱ्या खाचा नसतात. प्लॅस्टिक व धातू यांच्यामध्ये सेंद्रिय रंजकद्रव्याचा थर असतो, आणि लिहिताना लेसरच्या उष्णतेने त्यात जागोजागी कायमचे बदल होतात. थोडक्यात, अशा तबकडीतील माहिती म्हणजे रंगात उमटलेली खूण होय, आणि रंगाला जे भोगावे लागते ते तिलाही भोगावे लागते. सायनिन, अ‍ॅझो व थॅलोसायनिन ही या रंजकांची तीन प्रमुख कुळे. त्यांपैकी सायनिन प्रकाशाला सर्वांत हळवे व थॅलोसायनिन सर्वांत स्थिर मानले जाते. परावर्तक थर सोन्याचा असेल तर त्याला गंज नाही. पण सोने महाग, म्हणून बाजारातील स्वस्त तबकड्यांत चांदी किंवा तिची संमिश्रे आली, आणि चांदीला गंधकाचे वावडे आहे हे घरातील चांदीची भांडी काळवंडताना आपण पाहतोच. पुनर्लेखनक्षम तबकड्यांत रंजकाऐवजी धातूंचे संमिश्र असते. ते प्रकाशाला दाद देत नाही. परंतु मुळात पुसता यावे म्हणूनच ते निवडलेले असल्याने कायमस्वरूपी जतनासाठी ते निवडणे हा विरोधाभास ठरतो.

१९९६ मध्ये जपानमध्ये आलेल्या डीव्हीडीची घडण वेगळी आहे. तीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असून माहिती मधोमध असते. त्यामुळे वरच्या ओरखड्याची भीती कमी; मात्र वाकवल्यास जोड सुटण्याची भीती अधिक. डबीच्या मधल्या खुंटीतून तबकडी ओढून काढताना ती धनुष्यासारखी वाकते. असे वारंवार होणे डीव्हीडीला सीडीपेक्षा अधिक बाधते. २००६ मध्ये बाजारात आलेल्या ब्लू-रे तबकडीत माहिती वाचनाच्या पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असते.

दोषदुरुस्ती : वरदान आणि पडदा

पाच किलोमीटर लांबीची ही सूक्ष्म रेघ निर्दोष असणे अशक्यच आहे. नवी कोरी तबकडीही दोषांसहच कारखान्यातून बाहेर पडते. तरीही ती बिनचूक वाचली जाते, याचे श्रेय आयर्व्हिंग रीड व गुस्ताव सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेल्या संकेतपद्धतीला आहे. सीडीवर प्रत्येक २४ बाइट माहितीबरोबर ८ बाइट पडताळणीचे लिहिले जातात आणि हा सर्व ऐवज क्रमाने न लिहिता विखरून लिहिला जातो. एका ठिकाणी मोठे नुकसान झाले तरी ते अनेक गटांत थोडे थोडे वाटले जाते आणि प्रत्येक गट आपल्या वाट्याचा दोष गणिताने भरून काढतो. रेघेवरील सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग खंड अशा रीतीने पूर्ववत होऊ शकतो. तबकडी मधून कडेकडे, आऱ्यांच्या दिशेने पुसावी, गोलाकार पुसू नये, या सूचनेचे कारण येथेच आहे. आडवा ओरखडा प्रत्येक फेरीला क्षणभर छेदून जातो. गोलाकार ओरखडा मात्र एकाच फेरीला लांबवर झाकतो आणि दुरुस्तीची मर्यादा ओलांडतो.

संगीताच्या सीडीत याही पलीकडची सोय असते. दुरुस्ती न झालेला ध्वनिबिंदू यंत्र त्याच्या शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरते आणि कानाला पत्ता लागत नाही. संगणकीय माहितीत असा अंदाज चालत नाही. सर्वेक्षणाच्या सारणीत ४७ च्या जागी शेजारचे आकडे पाहून ४५ घालता येत नाहीत. म्हणून तेथे दुरुस्तीचा आणखी एक स्तर दिलेला असतो. तोही अपुरा पडला की यंत्र अंदाज न करता फाइल वाचणेच नाकारते.

या व्यवस्थेचा परिणाम विलक्षण आहे. रंजक फिके पडू लागते, धातू काळवंडू लागतो, दोष दरवर्षी वाढत जातात. परंतु दुरुस्ती ते भरून काढत असल्याने वापरणाऱ्याला तबकडी नव्यासारखीच भासते. दोषांची संख्या दुरुस्तीच्या क्षमतेपलीकडे गेली की मात्र फाइल एकाएकी उघडेनाशी होते. कागदाचे म्हातारपण दिसते, ध्वनिफितीचा आवाज हळूहळू घोगरा होतो. तबकडी मात्र अखेरच्या दिवसापर्यंत ठणठणीत दिसते. मराठीत आपण ‘हातचे राखणे’ म्हणतो. येथे राखलेले हातचे गुपचूप खर्च होत असतात आणि शिल्लक किती हे कोणी पाहत नाही.

ही शिल्लक मोजता येते. सीडी मूळ गतीने फिरत असता दर सेकंदाला ७,३५० गट वाचले जातात. त्यांपैकी दोष असलेल्या गटांची संख्या सरासरी २२० पेक्षा जास्त असू नये, असे तिचे मानक सांगते. चांगल्या नव्या तबकडीत ही संख्या त्याहून पुष्कळच कमी असते. म्हणजे आज २० आणि पाच वर्षांनी १५० अशी नोंद मिळाली, तर तबकडी उत्तम ‘चालत’ असूनही ती मरणपंथाला लागली आहे हे कळते.

‘शंभर वर्षां’चा अर्थ

सीडीच्या वेष्टनावर शंभर वर्षांचे आयुष्य छापलेले आपण पाहिले आहे. सीडीचे तंत्रच जेमतेम साडेचार दशकांचे असताना हा आकडा आला कोठून? उत्तर असे की, तो पाहिलेला नसून काढलेला आहे. तबकड्या ८० अंश सेल्सिअस तापमान व ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता अशा कडक परिस्थितीत काही आठवडे ठेवून दोष कसे वाढतात ते मोजतात. तापमान व आर्द्रतेच्या आणखी काही जोड्यांसाठी तेच करतात, आणि रासायनिक क्रियेचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो हे सांगणाऱ्या अऱ्हेनियसच्या सूत्राच्या विस्तारित रूपाने खोलीच्या तापमानातील आयुष्य वर्तवतात. ही पद्धत अशास्त्रीय मुळीच नाही. तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय मानके आहेत. तथापि तीत प्रकाश, वाकणे, बुरशी, घामट बोटे, भारनियमनामुळे बंद-चालू होणारे वातानुकूलन यांपैकी काहीच धरलेले नसते. शिवाय चाचणी त्या विशिष्ट उत्पादनाची असते, आणि एकाच नावाखाली विकली जाणारी तबकडी वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेली असू शकते.

अमेरिकेतील राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने ग्रंथपाल व अभिलेखपालांसाठी २००३ मध्ये फ्रेड बायर्स यांनी लिहिलेली मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत चाचण्या करणाऱ्या उत्पादकांचे मत म्हणून एकदाच लिहिता येणाऱ्या तबकड्यांना शिफारस केलेल्या साठवणुकीत १०० ते २०० वर्षे आणि पुनर्लेखनक्षम तबकड्यांना २५ वर्षे वा अधिक आयुष्य दिले आहे. कॅनेडियन कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूटचा अंदाज अधिक सावध आहे. थॅलोसायनिन रंजक व सोन्याचा थर असलेल्या सीडी-आरला तिने शंभराहून अधिक वर्षे दिली. सायनिन किंवा अ‍ॅझो रंजक व चांदीच्या संमिश्राचा थर असेल तर २० ते ५०. चांदीच्या संमिश्राच्या डीव्हीडी-आरला १० ते २०. आणि एकदाच लिहिता येणाऱ्या सामान्य ब्लू-रे तबकडीला अवघी ५ ते १०. नवे ते अधिक टिकाऊ, हा आपला सर्वसाधारण ग्रह येथे साफ खोटा ठरतो. आपल्या महाविद्यालयांतील बहुसंख्य तबकड्या यांपैकी मधल्या दोन गटांतील आहेत आणि त्यांना आता दहा ते वीस वर्षे होऊन गेली आहेत.

कारखान्यात छापलेल्या तबकड्याही निर्दोष नव्हत्या. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातील पीडीओ या कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात तयार झालेल्या अनेक संगीत-सीडी कडेपासून तांबूस होत गेल्या. तेथे वापरलेले लॅकर सीडीसोबतच्या पुस्तिकेच्या कागदातील गंधकाला अडवू शकले नाही. ज्या कागदाने तबकडीची ओळख सांगायची त्यानेच तिला ग्रासले, हे ध्यानात घेतले तर प्रबंधाला चिकटवलेल्या साध्या कागदी पाकिटाकडे आपण निराळ्या नजरेने पाहू.

हवामानाचा प्रश्न

वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शिकेत साठवणुकीसाठी ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान व २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता सांगितली आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही महाविद्यालयाला वर्षभर हे साधणार नाही, हे मान्य करूनच पुढे जावे लागते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. कोकणात आषाढ-श्रावणात आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर कित्येक दिवस राहते. दहा अंशांनी तापमान वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम लावला तर २० अंशांवर शंभर वर्षे टिकणारी वस्तू ४० अंशांवर पंचवीस वर्षांची होते. पश्चिमेच्या भिंतीला लावलेले पोलादी कपाट म्हणजे उन्हाळ्यात भट्टीच असते, आणि तबकड्या ठेवण्याची जागा अनेक ठिकाणी नेमकी तीच असते.

दमटपणाचे एक उदाहरण शास्त्रीय वाङ्मयात प्रसिद्ध आहे. मध्य अमेरिकेतील बेलीझ या उष्ण व दमट देशातील एक सीडी माद्रिदच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातील भूवैज्ञानिक हाविएर गार्सिया-गिनेआ यांच्या पाहण्यात आली. ती वाचली जात नव्हती. तपासणीअंती जिओट्रिकम वंशाच्या बुरशीने कडेने आत शिरून प्लॅस्टिक व अ‍ॅल्युमिनियमचा थर पोखरल्याचे आढळले. २००१ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. अशी उदाहरणे विरळा आहेत आणि प्रत्येक खराब सीडीचे खापर बुरशीवर फोडण्याचे कारण नाही. तरी सुमारे ३० अंश तापमान व ९० टक्के आर्द्रता ही बेलीझमधील परिस्थिती सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या वाचकाला परकी वाटू नये.

सुदैवाने आदर्श हवामानापेक्षा स्थिर हवामान अधिक सहज साधते, आणि त्याचा लाभही मोठा असतो. इमारतीच्या आतील भागातील, उन्हाची भिंत नसलेली खोली. जमिनीपासून उंच फळी. झाकण घट्ट बसणारा डबा व त्यात सिलिका जेलच्या पुड्या, ज्या पावसाळ्यात बदलाव्या किंवा तापवून पुन्हा वापराव्या. दिवसा वातानुकूलन व रात्री बंद, असे असेल तर त्यापेक्षा ते नसलेले बरे. कारण गार तबकडी दमट हवेत आली की तिच्यावर दव धरते. प्रकाशाबद्दल तर तडजोड नकोच. शेतात पाखरे हाकलण्यासाठी टांगलेल्या सीडी काही महिन्यांत कशा पांढुरक्या होतात, हे ग्रामीण भागातील प्राध्यापकांनी पाहिले असेलच. खिडकीजवळच्या काचेच्या कपाटातही, अधिक सावकाश, तेच घडत असते.

पुराचा अनुभव आपल्याकडे आता नवा राहिलेला नाही. २००५ ची मुंबई, २०१९ चे सांगली-कोल्हापूर, २०२१ चे चिपळूण ही नावे पुरेशी आहेत. भिजलेल्या ग्रंथापेक्षा भिजलेल्या तबकडीला वाचण्याची संधी जास्त असते, मात्र तिला चिखलासह वाळू देता कामा नये. डबी व ओला कागद ताबडतोब वेगळे करून तबकडी स्वच्छ पाण्यात नुसती बुचकळून धुवावी, कडेवर उभी करून सावलीत वाळवावी आणि लगेच नक्कल करून घ्यावी.

हाताळणीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. कडेला व मधल्या छिद्राला धरावे. ग्रंथासारखी उभी ठेवावी, एकावर एक रचू नये. नाव लिहायचेच तर मधल्या पारदर्शक कड्यावर, पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या मऊ टोकाच्या पेनने लिहावे. दाखल क्रमांकाची चिकटपट्टी तबकडीवर कधीही लावू नये. ती तबकडीचा तोल बिघडवते आणि तिचा गोंद कालांतराने लॅकरला बाधतो. ती आधीच लावलेली असेल तर उपटून काढू नये; तशीच ठेवून नक्कल करावी.

तपासणी आणि नक्कल

मुख्य काम हे आहे. दोषदुरुस्तीचा पडदा असल्यामुळे डोळ्यांनी पाहून काही कळत नाही, म्हणून तबकडी वाचून पाहणे हाच तपासणीचा अर्थ. ठरावीक ड्राइव्ह व आज्ञावली वापरून वर सांगितलेली दोषसंख्या मोजता येते. पण तशी सोय नसलेल्या महाविद्यालयानेही हात बांधून बसू नये. संपूर्ण तबकडी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी आणि तिला किती वेळ लागतो ते पाहावे. ड्राइव्ह मध्येच गती कमी करून, घरघर करीत, एकच भाग पुन्हा पुन्हा वाचू लागली तर दुरुस्तीची शिल्लक संपत आल्याची ती खूण समजावी. अशा तबकडीची नक्कल त्याच दिवशी करावी, पुढच्या सत्रात नव्हे.

उतरवून घेतलेल्या प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ सारखी अंकमुद्रा काढून यादीत नोंदवावी. पुढे केव्हाही ती पुन्हा काढून जुळवली की फाइल अक्षरशः तीच आहे किंवा कसे, ते कळते. ग्रंथपडताळणीच्या वेळी ‘तबकडी आहे’ या रकान्याशेजारी ‘वाचली, दिनांक’ असा रकाना वाढवला तर खर्च काहीच नाही, आणि माझ्या मते या लेखातील सर्व सूचनांपैकी हीच सर्वाधिक उपयुक्त आहे. नकलांबाबत, एक हार्ड डिस्कवर, दुसरी दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या गावी, आणि हवी असल्यास तिसरी नव्या तबकडीवर, असे धोरण असावे. नवी तबकडी लिहायची झाल्यास कमाल गतीने न लिहिता मध्यम गतीने लिहावी आणि लिहून झाल्यावर पडताळून पाहावी. हार्ड डिस्क अमर नाही, हे खरेच. पण तिच्यावरची नक्कल दुसरीवर उतरवणे हे एका रात्रीचे काम आहे, तर चारशे तबकड्या एकेक करून वाचणे हे एका सत्राचे.

हजार वर्षांच्या तबकडीची जाहिरातही काहींनी पाहिली असेल. अमेरिकेतील युटा राज्यातील मिलेनियाटा या कंपनीने सेंद्रिय रंजकाऐवजी दगडासारख्या असेंद्रिय थरात कोरल्या जाणाऱ्या एम-डिस्कसाठी हा दावा केला होता. थराची कल्पना तत्त्वतः उत्तम आहे. कंपनी मात्र २०१६ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

वाचनयंत्र आणि लिपी

हे उदाहरण केवळ गमतीचे नाही. तबकडी टिकली तरी तिच्याभोवतीचा उद्योग टिकेलच असे नसते. आपल्या ग्रंथालयांत जिच्या तबकड्या सर्वत्र आढळतात ती मोझर बेअर ही १९८३ मध्ये स्थापन झालेली भारतीय कंपनी एकेकाळी जगातील आघाडीच्या उत्पादकांत गणली जाई. २०१८ मध्ये ती अवसायनात काढण्याचा आदेश झाला. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. नव्या लॅपटॉपमध्ये सीडी ड्राइव्ह बहुधा नसतेच. बाहेरून जोडायची ड्राइव्ह अजून मिळते, तोवर प्रत्येक ग्रंथालयाने निदान दोन, शक्यतो वेगवेगळ्या बनावटीच्या, घेऊन ठेवाव्यात.

यंत्राच्या अभावी काय होते याचे बोलके उदाहरण बीबीसीच्या डूम्सडे प्रकल्पाचे आहे. १०८६ मधील इंग्लंडच्या प्रसिद्ध जमीनपाहणीला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये देशभरातील नागरिक व शाळकरी मुले यांच्या सहभागातून नवी पाहणी तयार करून ती बारा इंची लेसर तबकड्यांवर साठवली गेली. अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी चालू यंत्रे दुर्मीळ झाली आणि लीड्स व मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांना त्या संगणकाची नक्कल आज्ञावलीद्वारे उभी करावी लागली. नऊशे वर्षांपूर्वीची चर्मपत्रावरील मूळ पोथी मात्र त्या वेळीही वाचता येत होती.

मराठीपुरती यात आणखी एक अडचण आहे. २००० नंतरच्या दशकातील आपले बहुतेक मराठी लेखन श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींच्या फाँटमध्ये आणि पुष्कळदा पेजमेकरमध्ये झाले. या फाँटमध्ये देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेली होती. तबकडी निर्दोष वाचली गेली आणि फाइलही उघडली, तरी तो फाँट संगणकावर नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन समूह दिसतो. आणि सीडीवर फाँटची फाइल ठेवण्याची दक्षता फार थोड्यांनी घेतली. म्हणून नक्कल करतानाच अशा फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करून छापील प्रतीशी ताडून पाहावे. जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांटी येथे रूपांतर हटकून चुकते. मूळ फाइलही जपावी. ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत सांगणाऱ्याचे नाव, गाव, दिनांक व मुद्रण करणाऱ्याचे नाव साध्या मजकूर-फाइलीत लिहून सोबत ठेवावे. ही माहिती बहुतेकदा डबीवरील चिठ्ठीवर असते आणि नक्कल करताना डबी मागेच राहते.

जी तबकडी वाचलीच जात नाही तिच्याबाबतही घाई करू नये. एका ड्राइव्हला न वाचता येणारे भाग दुसरीला वाचता येतात. जीएनयू डीडीरेस्क्यूसारखी मुक्त आज्ञावली वाचलेल्या भागांची नोंद ठेवते आणि वेगवेगळ्या ड्राइव्हवर मिळालेले तुकडे एकाच प्रतीत जोडते. पहिल्या प्रयत्नात सत्तर टक्के मिळाले, तर ते सत्तर जपून ठेवून तबकडी अंधारात, कोरड्या जागी, उभी ठेवावी आणि दुसरी ड्राइव्ह हाती येईपर्यंत ती निर्लेखित करू नये.